दुखणे आमचे, खुर्ची कोणाची?

मागच्या थंडीत परतवाड्यात आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात सिकलसेल तपासणीचे शिबिर झाले. बोटाला सुई टोचून घ्यायला लेकरे रांगेत उभी होती आणि नावे लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. रांगेच्या शेवटी एक आई भिंतीला टेकून बसली होती. तिची मुलगी दहावीला आहे. मुलगी एसएस, म्हणजे नुसती वाहक नव्हे, रुग्ण. थंडी पडली की तिचे हातपाय, कंबर, छातीची हाडे अशी दुखतात की ती उशीत तोंड खुपसून रडते. आदल्याच आठवड्यात रात्री अकराला तिला ऑटोत घालून एका दवाखान्यात नेले, तर कामावरच्या माणसाने 'नाटक करते पोरगी' असे म्हटले. दुखण्याची एक गोळी दिली आणि 'अमरावतीला न्या' असे कागदावर लिहून दिले. पन्नास किलोमीटरचा रस्ता, रात्रीची वेळ, गाडीवाला सांगेल ते भाडे.

ती आई आम्हाला म्हणाली, "रगत त तुम्ही दरवर्षी नेता. पन जे मोठे डॉक्टर हे औषधपानी ठरवतात, त्याईच्यात आपल्या इकडचं कोनी बसते का नाई?"

आमच्यापैकी कोणालाच पटकन उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर आम्ही वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, जुनी कात्रणे काढली. त्यातून जे हाती आले ते या पानावर मांडतो आहोत. ते मांडल्यावर आमचे मतही स्पष्ट सांगणार आहोत. रोगाचे निर्णय घेणाऱ्या मंडळावर रोग ज्या भागात आहे त्या भागाला न्याय्य जागा हवी, आणि त्या जागेवरचा माणूस त्या भागाने निवडलेला हवा.

आधी रोगाची थोडी उजळणी. आपल्या रक्तातील तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकतात, पुढे रक्त पोचत नाही आणि असह्य कळा येतात. पेशी लवकर मरतात म्हणून रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात, जंतूंची लागण पटकन होते. हा रोग आईबापाकडून रक्तातून येतो. शिवण्याने, उष्टे खाल्ल्याने येत नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक असते. ज्या मुलखात पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसे मारली, त्या मुलखात हा दोष टिकून राहिला, कारण वाहक माणूस हिवतापातून जास्त वाचतो. तेव्हा हा कोणाच्या जातीचा डाग नाही आणि मागच्या जन्मीचे पाप तर मुळीच नाही.

हा रोग पहिल्यांदा वैद्यकीय कागदावर आला 1910 साली. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका काळ्या तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्या. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला. 1958 साली नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि डॉक्टर सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात आला. पुढच्या तपासण्यांतून कळत गेले की विदर्भात हा रोग दोन समाजांत ठळक आहे. एक आदिवासी आणि दुसरा आपला, म्हणजे पूर्वाश्रमीचा महार आणि आजचा बौद्ध समाज. आमच्या रक्ताची नोंद जगाच्या दप्तरात साठ वर्षांहून जुनी आहे. नोंद आधी झाली, प्रतिनिधी मात्र अजून गेला नाही.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. मोठे डॉक्टर बसतात कुठे?

रक्ताच्या रोगांच्या डॉक्टरांची एक जागतिक संस्था आहे, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हिमॅटोलॉजी. तिची स्थापना 1946 सालची, अमेरिकेतील. अशा संस्था सरकारे नसतात, त्या कायदे करत नाहीत. पण जागतिक परिषदेत कोणता विषय घ्यायचा, व्यासपीठावर कोणाला बोलवायचे, कोणत्या देशातील तरुण डॉक्टरांना शिकायची संधी द्यायची, कोणत्या उपचाराला मान्यता द्यायची, हे अशा मंडळींत ठरत जाते. तिथे जे ठरते ते पाठ्यपुस्तकात उतरते. पुस्तकातून मेडिकल कॉलेजात, कॉलेजातून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून आमच्या पोरीच्या केसपेपरवर येते. दवाखान्यातील माणसाला सिकलसेलची कळ कशी ओळखायची हे शिकवलेले असते, तर त्या रात्री 'नाटक' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नसता. परतवाड्याच्या ऑटोपासून त्या जागतिक मंडळापर्यंत रस्ता लांब आहे, पण तो एकच रस्ता आहे.

या संस्थेने जगाचे तीन विभाग केले आहेत. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेचा एक, युरोप आणि आफ्रिकेचा मिळून एक, आशिया आणि पॅसिफिकचा एक. प्रत्येक विभागाचा आवाज असावा, हा विचार चांगलाच आहे. पण सिकलसेलच्या बाजूने ही वाटणी पाहिली की मन खट्टू होते. जगात दरवर्षी तीन लाखांहून अधिक बाळे हा रोग घेऊन जन्मतात. त्यातील निम्म्याच्या आसपास फक्त तीन देशांत जन्मतात, ते म्हणजे नायजेरिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि आपला भारत. नायजेरिया आणि काँगोला युरोपच्या गाडीला जोडले आहे. भारत जपान, चीन, कोरिया, ऑस्ट्रेलिया यांच्या डब्यात आहे, आणि तिथल्या डॉक्टरांना हा रोग क्वचितच दिसतो. ज्या देशांत मोठी विद्यापीठे, मोठ्या प्रयोगशाळा आणि प्रवासाला पैसा, तिथले सभासद साहजिकच जास्त. म्हणजे रोगाचे ओझे ज्यांच्या डोक्यावर, ते दोन वेगवेगळ्या विभागांत आणि दोन्हीकडे मागच्या बाकावर.

रक्ताच्या डॉक्टरांचीच ही गोष्ट नाही. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनांची जागतिक संघटना, वर्ल्ड मेडिकल असोसिएशन, हिच्यात देशाची मते किती हे त्या देशाच्या संघटनेने किती सभासदांची वर्गणी भरली यावर ठरते. मत रुग्णांवर मोजले जात नाही, वर्गणीवर मोजले जाते. 1899 साली स्थापन झालेल्या परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मंडळावर भागवार सदस्य निवडण्याची पद्धत आहे. आपल्या वस्तीतील कितीतरी मुली नर्सिंग करून नोकरीला लागल्या, त्यांनी ही माहिती जरूर ठेवावी.

जागा नसल्याने नुकसान काय होते? एक उदाहरण आमच्याच घरचे आहे.

भारतातील सिकलसेल सौम्य असतो, असे बरीच वर्षे सांगितले जात होते. त्याला आधारही होता. ओडिशातील रुग्णांचा अभ्यास झाला होता. त्यांच्या रक्तात जन्मावेळचे हिमोग्लोबिन जास्त टिकते आणि म्हणून त्रास कमी होतो, असे त्यात दिसले. ते ओडिशापुरते खरे होते. पण 'भारत' म्हटले की तोच नमुना धरला गेला. इकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागातील डॉक्टर रोज वेगळेच पाहत होते. वारंवार कळा, वारंवार भरती, रक्त चढवणे, लहानग्यांना जंतुसंसर्ग. त्यांनी शेकडो मुलांच्या नोंदी ठेवल्या आणि 2012 साली त्या प्रसिद्ध केल्या. मध्य भारतातील आपल्या समाजाच्या मुलांचा सिकलसेल सौम्य म्हणण्यासारखा नाही, हे त्यातून पुढे आले. त्याच डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कमी मात्रेतही आपल्या मुलांना गुणकारी ठरते, हे रीतसर चाचणी करून दाखवले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी धोका.

1958 पासून 2012 पर्यंत मध्ये किती वर्षे गेली, हे वाचकांनीच मोजावे. 'आमच्याकडे असे नाही हो' हे एक वाक्य मोठ्या मंडळात वेळेवर बोलायला नागपूर-विदर्भाचा माणूस असता, तर यातली काही वर्षे तरी वाचली असती असे आमचे मत आहे. ज्या घरांत त्या वर्षांत लेकरे गेली, त्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

जागा मिळाली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. ते आफ्रिकेचे.

जागतिक आरोग्य संघटना ही डॉक्टरांची नव्हे, देशांची संघटना. तिच्या कार्यकारी मंडळावर 34 जागा आहेत आणि त्या भागवार वाटलेल्या आहेत. आफ्रिकेला 7, अमेरिका खंडांना 6, युरोपला 8, पूर्व भूमध्य भागाला 5, पश्चिम पॅसिफिकला 5 आणि भारत ज्यात मोडतो त्या आग्नेय आशियाला 3. आफ्रिकेकडे 7 खुर्च्या होत्या आणि सिकलसेल हे तिथल्या घराघराचे दुखणे होते. आफ्रिकी देशांनी विषय लावून धरला. 2006 साली जागतिक आरोग्य सभेने सिकलसेलवर स्वतंत्र ठराव केला. सेनेगल आणि काँगो प्रजासत्ताक यांनी पुढाकार घेतला आणि डिसेंबर 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असे मान्य केले. तेव्हापासून 19 जून हा जागतिक सिकलसेल दिन झाला. आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यावर 19 जूनला जो फलक लागतो, त्याच्यामागे आफ्रिकेच्या त्या खुर्च्या आहेत. दूरच्या भावंडांनी खुर्चीवर बसून जे मिळवले, त्याची सावली आपल्यावरही पडली. त्यांचे ऋण मानले पाहिजे.

पण त्या वाटणीतील आपला आकडाही पाहा. आग्नेय आशिया भागात देश थोडे आहेत, दहा-अकरा. माणसे मात्र जगाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. जागा 34 पैकी 3. युरोपात देश 53, माणसे आपल्या निम्म्याच्या आसपास, जागा 8. देश मोजले की एक न्याय निघतो, माणसे मोजली की दुसरा, आणि रोगी मोजले की तिसरा. तिसऱ्या प्रकारे मोजणी अजून कोणी करत नाही. आमचे म्हणणे आहे की आरोग्याच्या संस्थांनी तीही केली पाहिजे.

टेबलावर कोण बसले यावर पैसा कुठे वळतो हेही ठरते. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत सिकलसेलवर दोन जनुक-उपचारांना मंजुरी मिळाली. विज्ञानाचे हे मोठे यश आहे, आम्ही त्याला नाक मुरडत नाही. पण एकाची किंमत 22 लाख डॉलर आणि दुसऱ्याची 31 लाख डॉलर. तेव्हाच्या दराने रुपयात पहिलीच अठरा कोटींच्या घरात जात होती. दुसरीकडे, लहान बाळाला पेनिसिलीन नियमित दिले तर जीवघेणा जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो, हे 1986 सालीच सिद्ध झाले. त्यासाठी बाळ जन्मल्याबरोबर तपासावे लागते. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत 2006 पर्यंत ही जन्मतःची तपासणी सुरू झाली. आमच्या वस्तीत आम्हाला माहीत असलेल्या घरांत मूल रुग्ण आहे हे कळले ते दोन-तीन वर्षांनी, हातपाय सुजल्यावर किंवा रक्त पार उतरल्यावर. स्वस्तातले उपाय गरिबाच्या दारी कसे पोचवायचे, हा प्रश्न परिषदेच्या मुख्य मंडपात यायचा असेल, तर तो विचारणारा माणूस मंडळावर असावा लागतो.

आता यावर जे आक्षेप येतात ते पाहू. पहिला आक्षेप आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. म्हणे, शास्त्राला प्रांत नसतो, मंडळावर गुणवत्ता पाहून घ्यावे, भागवार जागा ठेवल्या की दर्जा घसरतो. शाळेपासून नोकरीपर्यंत आपण हेच ऐकत आलो. आमचे उत्तर असे. शास्त्राला प्रांत नसतो, पण रोगाला असतो. ज्याने रोज चाळीस सिकलसेल रुग्ण पाहिले त्याचे ज्ञान ही गुणवत्ता नाही काय? ज्याने आयुष्यात दोन पाहिले आणि त्यांवर दहा निबंध लिहिले, त्याचीच तेवढी गुणवत्ता? नागपूरच्या डॉक्टरांनी जे दाखवले ते शिकागो किंवा टोकियोत बसून दिसलेच नसते. भागाचा प्रतिनिधी आला की मंडळाला जे ठाऊक नव्हते ते ठाऊक होते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो आमच्याच मनातला आहे. समजा, उद्या भारताला जागा मिळाली. तिथे जाणार कोण? दिल्ली-मुंबईच्या मोठ्या खाजगी दवाखान्याचे साहेब. त्यांना घाटाखालची वस्ती काय ठाऊक? मग आमच्या पदरात काय पडले?

इथे बाबासाहेबांची आठवण येते, आणि ती ओढून आणलेली नाही. 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब अवघे 27 वर्षांचे होते. मतदानाचा हक्क आणि प्रतिनिधित्व हा त्या समितीचा विषय. आमच्या हिताची भाषा दुसऱ्याने बोलणे पुरेसे नाही, आमची माणसे स्वतः सभागृहात बसली पाहिजेत, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पुढे 1932 च्या पुणे करारात प्रांतिक विधिमंडळांत 148 राखीव जागा मिळाल्या. संख्या वाढली, पण निवड संयुक्त मतदारसंघातून. जागा आपली आणि निवडणारे दुसरे, म्हणजे निवडून आलेला माणूस कोणाकडे पाहणार, हा प्रश्न बाबासाहेबांनी नंतर अनेकदा मांडला. जागेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती भरतो कोण. जागतिक मंडळांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. भारताची जागा भरताना सिकलसेल पट्ट्यातील सरकारी मेडिकल कॉलेजांच्या डॉक्टरांना मत हवे, आणि रुग्णांच्या पालक-संघटनांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

प्रांताचा प्रश्नही बाबासाहेबांनी ओळखला होता. 1955 साली भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली, त्यात आपला पूर्वेकडचा भाग वेगळा होता. मोठ्या राज्यात मागे पडलेल्या भागाचे काय होईल, ही काळजी त्यामागे होती. 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा आणि तंत्रशिक्षणात न्याय्य जागा देण्याचे वचन होते. संविधानाच्या 371 (2) कलमात त्याची तरतूद झाली. 1994 साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली आणि पुढे वाढली नाही. ऐन कोरोनात मागास भागाची ही खिडकी बंद झाली आणि फारसा कोणी आवाज केला नाही. आपणही केला नाही, हे कबूल केले पाहिजे. अकोल्याला सरकारी मेडिकल कॉलेज 2002 साली आले, अमरावती जिल्ह्याला 2024 पर्यंत वाट पाहावी लागली. जगाच्या मंडळात भारताला जागा मागताना भारतात विदर्भाला आणि विदर्भात आपल्या वस्तीला जागा आहे का, हेही विचारावे लागते. साखळीची एक कडी तुटली की पुढच्या कड्यांचा उपयोग नाही.

अगदी ताजी गोष्ट घ्या. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. 17 राज्यांत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. काम मोठे आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. पण त्याची आखणी आदिवासी क्षेत्र डोळ्यापुढे ठेवून झाली. चिखलदरा-धारणीच्या कोरकू भावंडांना त्याचा लाभ व्हावा, त्यांचा हक्क पहिला, यात आमच्या मनात किंतु नाही. मात्र मेळघाटचा घाट उतरून परतवाड्यात आले की तोच रोग, तेच दुखणे, पण समाज अनुसूचित जातीचा. या घरांना त्या चौकटीत आपणहून जागा मिळत नाही, मागून घ्यावी लागते. आखणीच्या वेळी विदर्भातील बौद्ध वस्त्यांचा माणूस बैठकीत असता, तर ही ओळ पहिल्याच मसुद्यात आली असती.

मागून घेतल्यावर मिळते, याचा पुरावाही आपल्याकडे आहे. नागपूरचे संपत रामटेके यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. त्यांनी पालकांना एकत्र केले, वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले. त्यांच्या या कामासाठी 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात फक्त सात प्रकार होते, सिकलसेल नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले आणि त्यात सिकलसेल आला. एका बापाने दार ठोठावले तर एवढे होते. आपण सगळे मिळून गेलो तर किती होईल?

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. जागतिक वैद्यकीय संस्थांनी मंडळावरील जागा ठरवताना सभासद आणि वर्गणी यांच्यासोबत रोगाचे ओझेही मोजावे. ज्या देशांत रोग जास्त, तिथल्या सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरांची वर्गणी आणि परिषदेचा प्रवासखर्च संस्थेने सोसावा, नाहीतर जागा कागदावरच राहील. खुर्ची एकाच देशाकडे वा एकाच शहराकडे राहू नये, ती फिरती असावी. मंडळासोबत रुग्ण आणि पालकांचा सल्लागार गट असावा आणि त्याला बोलण्याचा हक्क असावा. आपल्या सरकारने राष्ट्रीय मिशनच्या समित्यांवर विदर्भातील अनुसूचित जातीच्या रुग्णांचा प्रतिनिधी घ्यावा आणि तपासणी आदिवासी क्षेत्राबाहेरील आमच्या वस्त्यांतही करावी.

कोणी म्हणेल, परतवाड्याच्या वस्तीतून जागतिक मंडळाला सांगणारे तुम्ही कोण? आम्ही तेच, ज्यांचे रक्त काचपट्टीवर घेऊन हे शास्त्र पुढे गेले. पण वरच्या खुर्चीची मागणी करताना खालची खुर्ची रिकामी ठेवून चालणार नाही. आपल्या दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. शहरातील वस्तीत महिला आरोग्य समिती असते, तिला वर्षाला 5000 रुपयांचा निधीही असतो. खेड्यात ग्राम आरोग्य समिती असते. या समित्यांवर आपल्या वस्तीतून कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, सिकलसेलचा विषय कधी निघाला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आम्ही स्वतःला हा प्रश्न विचारला तेव्हा आमचीही मान खाली गेली.

तेव्हा प्रत्येक वस्तीने या वर्षी एवढे करावे. लग्नाआधी मुलामुलीची सिकलसेल तपासणी करून घ्यावी, पत्रिका नव्हे तर रक्त जुळवावे. गरोदर बाईची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करावी. घरात रुग्ण असेल तर त्याला पाणी भरपूर पाजावे, थंडीत ऊब द्यावी, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये. हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रक्त तपासत राहूनच घ्यावे, गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. ताप आला, छातीत दुखले, दम लागला, अचानक पोट फुगले, हात-पाय लुळा पडला तर घरी थांबू नये. दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. एसटीच्या साध्या गाडीतील सवलतीची आगारात चौकशी करावी, अमरावती-नागपूरच्या फेऱ्या त्यात भागतात. आणि वस्तीतील सगळ्या रुग्णांची एक वही करावी. नाव, वय, किती वेळा कळ आली, कुठे नेले, काय उत्तर मिळाले, हे तारखेसह लिहावे. नागपूरच्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या म्हणूनच 'सौम्य' हा शिक्का हलला. प्रतिनिधी बैठकीला जाईल तेव्हा त्याच्या हातात ही वही असली पाहिजे.

आमच्या वस्तीची वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर त्या दहावीच्या मुलीची ती रात्र लिहिली आहे, अकरा वाजल्यापासून पहाटे अमरावतीला पोचेपर्यंत. तिच्या आईला आम्ही विचारले की दवाखान्याच्या समितीच्या बैठकीला तुम्ही याल का. ती म्हणाली, "बोलता नाई येत मले तितलं." थोड्या वेळाने म्हणाली, "पन येईन. जे झालं ते सांगीन."

जय भीम.